अकरा खोट्या खुणा

चावीवाल्या काकांना गावात कुणी नावानं हाक मारत नसे. पस्तीस वर्षं त्यांनी गावाला पाणी सोडलं आणि बंद केलं. खांद्यावर पुरुषभर उंचीची लोखंडी चावी असायची. ती व्हॉल्व्हवर टेकवून दांडीला कान लावला, की खाली पाणी वाहतंय की तुंबलंय ते त्यांना कळायचं. बायको म्हणायची, "माझं ओरडणं ऐकू येत नाही, पाइपाची कुजबुज बरी ऐकू येते!"

रस्त्यांवर डांबराचे थर चढत गेले आणि व्हॉल्व्हची झाकणं खाली गडप झाली. तेव्हा पाणीखात्याच्या साहेबांनी काकांना नकाशा काढायला लावला. नकाशा सुबक होता. फक्त एकशे चाळीस व्हॉल्व्हांपैकी अकरा काकांनी मुद्दाम रस्त्याच्या भलत्या बाजूला दाखवले होते. सगळंच कागदावर उतरलं, तर उद्या आपल्याला कोण विचारणार?

मग बारा वर्षं तेच चाललं. कुठंतरी पाइप फुटायचा, माणसं नकाशा बघून खणायची, हाती चिखल लागायचा आणि काकांना बोलावणं जायचं. काका चार पावलं टाकत, टाच आपटत, म्हणत, "इथं खणा." काकांशिवाय गावाचं पान हलत नाही, असं कुणी म्हटलं की त्यांचं पोट भरायचं.

काका निवृत्त झाले आणि परीक्षा देऊन त्यांच्या जागी लागली ती त्यांचीच सून. सहा महिन्यांनी कायम व्हायची होती. तिला खरं सांगावं असं काकांच्या रोज मनात येई, आणि रोज ते राहून जाई. नकाशा दोनदा चुकला तेव्हा ते म्हणाले, "जुना आहे गं, इकडेतिकडे व्हायचंच."

सहावा महिना संपत आला आणि बाळंतिणींच्या दवाखान्यासमोर मोठा पाइप फुटला. काका पोचले तेव्हा पाणी पायऱ्या चढून आत शिरत होतं. वरच्या मजल्यावरचे नळ कोरडे पडले होते. सुनेचे दोन खड्डे वाया गेले होते. खणणाऱ्यांचा म्होरक्या अंगानं काडी, म्हणून सगळे त्याला पैलवान म्हणत. तो म्हणाला, "वहिनी, नकाशा उलटा तर धरला नाही ना?" लोक हसले.

"उद्या तुमचा कागद वर पाठवायचाय," साहेब तिला म्हणाले. "काय लिहू? नकाशा वाचता येत नाही?"

ती खड्ड्यात झाकण चाचपत राहिली. हात कोपरापर्यंत चिखलात होते.

"आले! काका आले!" कुणीतरी ओरडलं. काकांनी चार पावलं टाकली, टाच आपटली. झाकण सापडलं, पाणी थांबलं. टाळ्या पडल्या. साहेबांनी हात जोडले. "काका, तुमच्यामागं या गावाचं काय होणार हो?"

हे वाक्य ऐकायला काका बारा वर्षं जगले होते. पण आज त्यांना त्याचं उत्तर समोर दिसत होतं. एक नर्स हातात रिकामी बादली घेऊन दारात उभी होती. आणि सून खाली मान घालून आपले दोन खड्डे बुजवत होती.

"साहेब, तिला नकाशा वाचता येतो," काका म्हणाले. "मीच तो खोटा काढलाय. मुद्दाम."

साहेबांचे जोडलेले हात खाली आले.

"म्हणजे बारा वर्षं आम्ही फुकट खणत होतो?" पैलवान म्हणाला. "अहो काका, माझी कंबर गेली त्यात!"

सुनेनं फावडं खाली टाकलं. "बाबा, हा एकच, की आणखी आहेत?"

"आणखी दहा."

"चला."

"आत्ता?"

"मग काय, पुढच्या वर्षी?"

चार दिवस दोघं गाव फिरली. काकांनी नकाशावर लाल शाईनं अकरा दुरुस्त्या केल्या, सुनेनं भिंतींवर रंगानं बाण काढले. खणणारी माणसं बरोबर होती. काकांनी त्यांनाही नकाशा वाचायला शिकवलं. जे दुकानदार हाका मारून चहा पाजायचे, ते आता दुसरीकडे बघू लागले. काकांनी ते मुकाट्यानं सोसलं. सून कायम झाली.

दोनेक महिन्यांनी काका सकाळी दाढी करून बाहेर पडले, तर चहावाला म्हणाला, "शाळेपाशी पहाटे फुटला होता म्हणे."

काका जागीच थबकले. शाळेपाशी त्या अकरांपैकीच एक व्हॉल्व्ह होता. आणि सून तर कालच माहेरी गेली होती!

"बंद कुणी केला?"

"पैलवानानं. अर्ध्या तासात. तुम्हाला बोलावलं नाही?"

"नाही!" काका ओरडले. "मला बोलावलंच नाही!"

भेटेल त्याला हेच सांगत ते शाळेपाशी गेले. पैलवान खड्डा बुजवत होता. वर न बघताच म्हणाला, "आलात टाच आपटायला?"

"पहिल्याच खड्ड्यात सापडला?"

"पहिल्याच. बाणाच्या बरोब्बर समोर." एवढा वेळ फुरंगटलेला पैलवान आता हसला. "तुम्ही झोपला होता, काका!"

"ढाराढूर झोपलो होतो!" काका खड्ड्याच्या काठावर ऐसपैस बसले. "आता सांग, पहिल्यापासून. काही गाळू नकोस."

त्यांनी ते त्याच्याकडून तीनदा वदवून घेतलं.