दुधाचा डाग

नणंदेच्या उपकारांची फेड म्हणून वहिनीने गोधडी शिवायला घेतली. वरची बाजू झकास जमली, पण पाठीचं कापड वीतभर कमी पडलं. वैतागून तिने कपाट उपसलं. नवी कापडं सगळी खरखरीत. मऊ होती ती एक विटकी ओढणी. वहिनी आजारात पडून होती, तेव्हा नणंदेने तान्ह्या भाचीला हिच्यातच गुंडाळून खांद्यावर जोजवलं होतं. दुधाचा डाग अजून गेला नव्हता. ‘पाठ कोण बघतंय?’ म्हणत वहिनीने तीच जोडली.

नणंदेने गोधडी उलटीपालटी केली आणि पाठ वर करून अंथरली.

“अहो वन्सं, उलटी झाली!”

“उलटी कशी? हा डाग खांदा मोडेस्तोवर कमावलाय मी. वरच राहू दे!”