केसभर बारीक

फोन आला तेव्हा त्याच्या हातात दुधाचा जग होता. वाफेची नळी दुधात बुडवलेली, दूध नुकतं तापायला लागलेलं, आणि कॉफीच्या गाडीसमोर एका नव्या ऑफिसच्या उद्घाटनाला आलेली माणसं रांगेत उभी. ॲप्रनच्या खिशात फोन थरथरत राहिला. दूध अर्ध्यावर सोडलं तर फुकट जातं, म्हणून त्याने तो थरथरू दिला. दूध झालं, जग ओट्यावर आपटून त्याने बुडबुडे मोडले आणि मग फोन कानाला लावला. शेजारच्या काकू होत्या.

"तुम्ही आधी खाली बसा बघू," काकू म्हणाल्या.

"गाडीवर आहे काकू, बसायला जागा नाही. काय झालं?"

काकूंनी सांगितलं. त्याची बायको दार उघडत नव्हती, म्हणून त्यांनी त्यांच्याकडच्या किल्लीने उघडलं. ती स्वयंपाकघरात पडलेली होती. डॉक्टर येऊन गेले होते. आता घाई करण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

"बरं," तो म्हणाला आणि फोन खिशात ठेवला.

मग त्याने जगातलं दूध कपांत ओतलं. प्रत्येक कपावर नेहमीसारखं फेसाचं पान उमटलं, एकही पान वाकडं आलं नाही. एकाने साखर कुठे म्हणून विचारलं, त्याने बोट दाखवलं. मशीन बंद केलं. पुढच्या माणसाला म्हणाला, "माफ करा, बंद करतोय."

"अरे वा, नेमका आमचा नंबर आल्यावर!" तो माणूस हसून म्हणाला.

"हो ना," हा म्हणाला.

त्या दिवशी सकाळी तिचं डोकं दुखत होतं म्हणून ती कामावर आली नव्हती. तरी घरातल्या चपला पायात घालून खाली पार्किंगमध्ये गाडीपर्यंत मात्र आली होती, कारण दळण हे तिचं खातं होतं. त्या दोघांची कॉफीची गाडी. लग्नं, साखरपुडे, प्रदर्शनं, ऑफिसचे समारंभ, जिथे बोलावतील तिथे जायचं. मशीन, दूध, गाडी चालवणं आणि लोकांशी गोड बोलणं त्याच्याकडे. कॉफी चांगली होणं तिच्याकडे.

बाहेरच्या माणसाला वाटतं, ग्राइंडर म्हणजे काय, बटण दाबलं की झालं. तसं नसतं. ग्राइंडरच्या मानेवर एक कडं असतं, ते फिरवलं की दळण जाड किंवा बारीक होतं. त्यांच्या ग्राइंडरच्या कड्यावर ना आकडे ना खाचा. ते नुसतं फिरतं, आणि किती फिरवायचं ते हाताने ओळखायचं. हवा कोरडी झाली, बियांची पिशवी जुनी झाली, की कालचं दळण आज चालत नाही. कॉफी सरसर खाली उतरते आणि आंबट पाणी होतं. म्हणून रोज सकाळी ती एक कप काढायची, घोट घ्यायची, तोंड वाकडं करायची, कडं जरासं हलवायची, पुन्हा काढायची. तो घड्याळाकडे बघत ओरडायचा, "अगं, लग्न लागून पोरं व्हायची वेळ आली!" ती ढुंकून बघायची नाही. मनासारखं झालं की ओठ पुसून म्हणायची, "केसभर बारीक केलंय. आता हात लावू नका."

हे ती रोज म्हणायची, कारण त्याला उगीच हात लावायची खोड होती. त्या सकाळीही म्हणाली.

"नाही लावत, बाई," तो म्हणाला होता. मग ती कपाळ चोळत वर गेली.

तर त्याने हात लावला नाही.

सगळं उरकलं. पाहुणे आले तसे गेले. मूलबाळ नव्हतं, त्यामुळे घर लगेच पूर्ववत झालं, म्हणजे एक माणूस वजा. तो वेळेवर उठत होता, जेवत होता, केस कापायला जात होता. लोकांना वाटलं, गडी खंबीर आहे. खरं म्हणजे त्याला काही होतच नव्हतं. दंतवैद्याने सुई दिल्यावर गाल कसा आपला नसल्यासारखा होतो, तसं सगळं झालं होतं. जेवणाला चव नव्हती, वास कसलाच येत नव्हता. आधीच ठरलेली कामं होती, ती त्याने सुरू केली.

ग्राइंडरच्या कड्याला मात्र तो शिवला नाही. हवा बदलली, बियांच्या पिशव्या येऊन संपल्या, कडं तिने सोडलं तिथेच. कॉफी भसाभस उतरायला लागली, तशी तो मशीनच्या हँडलमधल्या गाळणीत भुकटी जास्त भरू लागला. मग ती भुकटी टॅम्परच्या दट्ट्याने सगळं अंग टाकून दाबू लागला. मनगट सुजलं, त्यावर पट्टी बांधली. मशीनचं पाणी थोडं जास्त गरम करून बघितलं. घराचा दरवाजा वाकडा झाला म्हणून भिंती तासत बसावं, तसा प्रकार. त्यालाही ते कळत होतं. चाखून तो काही बघत नव्हता. चाखणं त्याचं काम कधी नव्हतंच.

टाइल्सच्या प्रदर्शनाचं काम आलं तेव्हा धाकटी मदतीला आली. धाकटी म्हणजे तिची बहीण. दातांच्या दवाखान्यात मदतनीस होती आणि तिथून रजा काढून आली होती. बहिणीइतकीच तोंडाने फटकळ.

"भावोजी, मी पैसे घेते, कप देते, कचरा बघते. दूध मला सांगू नका, माझं पान कोबीसारखं येतं."

"चालेल."

"चालेल काय? हसा की जरा. कोबी म्हटलं मी."

तो हसला. म्हणजे तोंड तसं केलं.

मोठा हॉल, चहूबाजूंनी गुळगुळीत फरशा, खाली बघितलं की माणसाला स्वतःचंच नाक दिसावं अशा. सकाळी चांगली गर्दी झाली. तो हँडल भरत होता, दाबत होता, दूध तापवत होता. दुपारच्या सुमाराला हिरव्या चष्म्याची एक दुकानदारीण आली.

"मागच्या वर्षी तुमच्याकडेच प्यायले होते मी. खास तेवढ्यासाठी तिकडच्या टोकावरून आले. त्या बाई कुठे आहेत? मला म्हणाल्या होत्या, साखर टाकलीत तर कप परत घेईन!"

"आज नाही आली," तो म्हणाला.

धाकटीने मान वर करून त्याच्याकडे बघितलं. पण रांग होती. तिने पुढच्याचे पैसे घेतले.

दुकानदारणीने कॉफी घेतली, दोन पावलं गेली, एक घोट घेतला. मग कपाकडे बघितलं, इकडेतिकडे बघितलं, आणि कुणाचं लक्ष नाही असं समजून कप हळूच कचऱ्याच्या डब्यात सोडला.

रांग ओसरल्यावर धाकटी डब्यातली पिशवी बदलायला गेली. पिशवी उचलेना. कागदी कपांची पिशवी, ती वाऱ्याने उडायची खरं तर. तिने दोन्ही हातांनी ओढली तेव्हा आतून डबडब आवाज आला. तिने पिशवीचं तोंड उघडून आत बघितलं, बराच वेळ बघितलं. मग ती फरपटत गाडीच्या मागे नेली आणि त्याला हाक मारली.

"भावोजी, इकडे या."

"गिऱ्हाईक आहे."

"कुणी नाही. या."

तो गेला. तिने पिशवी उघडी धरली. भरलेले कप, अर्धे कप, काहींवर तर पान जसंच्या तसं.

"लोक पीत नाहीयेत," ती म्हणाली.

"गर्दीत असतंच तसं. फोन येतात, ठेवून देतात."

"हो, सगळ्यांनाच एकदम फोन येतात." ती आत गेली, स्वतःसाठी एक कप काढायला लावला, घोट घेतला आणि चेहरा आवळला. मग ग्राइंडरजवळ नाक नेऊन वास घेतला. "हे काय आहे? खवट वास मारतोय. जुन्या डब्यातल्या तेलासारखा. याला साफ केलं होतं कधी?"

तो फडक्याने वाफेची नळी पुसू लागला.

"ताई दर आठवड्याला उघडायची हे. ब्रश घेऊन बसायची. मी घरी आले तरी हात थांबायचा नाही तिचा. भावोजी, कधी उघडलं होतं?"

"उघडलं नाही."

"का?"

"आतली पाती साफ करायची तर कडं पूर्ण काढावं लागतं."

"मग काढायचं!"

"ते तिने लावलंय," तो म्हणाला. "त्या दिवशी सकाळी. हात लावू नका म्हणाली."

हातातला कप धाकटीने फळीवर ठेवला.

"पेनाने खूण करून ठेवा ना. तिथेच परत आणा."

"तसं नाही जमत. काढून पुन्हा बसवलं की आटे त्याच जागी येत नाहीत. एकदा गेलं की गेलं."

"पण ती दुपारी स्वतःच फिरवायची की! ऊन वाढलं की फिरवायची. ते तिने त्या दिवसापुरतं सांगितलं होतं हो."

"माहीत आहे मला."

"मग?"

"मग काही नाही."

समोर कुणीतरी काउंटरवर टिचकी मारली. तो जायला वळला, तर धाकटीने त्याच्या पट्टीच्या हाताला धरलं. दुखलं असणार. त्याने हात सोडवला नाही.

"शनिवारी कसलं काम आहे?" तिने विचारलं.

"लग्न."

"तिथे पण हेच पाजणार? ताईच्या गाडीवरून? गाडीवर अजून तिच्या हातची अक्षरं आहेत, भावोजी. तिने बघितलं असतं ना, तर याच दुधाच्या जगाने हाणलं असतं तुम्हाला." तिचे डोळे भरले होते. "घ्या, एक घोट तरी घ्या. का दवाखान्यासारखं 'आ करा' म्हणू?"

त्याने घोट घेतला. कोमट, ओलं. बाकी काही नाही.

"चव लागत नाही मला," तो म्हणाला. "कशाचीच."

"ठीक आहे. मला लागतेय. घाण आहे."

त्याने समोरच्या गिऱ्हाइकाला सांगितलं, मशीन बिघडलंय. गिऱ्हाईक म्हणालं, हरकत नाही, आणि चक्क सुटका झाल्यासारखा चेहरा करून गेलं. त्यांनी फळी वर घेतली, गाडी आवरली. परत येताना धाकटी बोलत राहिली, दवाखान्यातल्या एका म्हाताऱ्याबद्दल. तो कवळी खिशात ठेवून विसरला आणि तिच्यावरच बसला, म्हणे स्वतःलाच चावलो. हा मान हलवत गाडी चालवत होता. वाटेत ती उतरली.

"मी येऊ का सोबत?"

"नको. मी करतो."

"खरंच करा."

घरी त्याने ग्राइंडर वर आणला आणि जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, ती पसरायची तसं. खिडकीतून अजून ऊन येत होतं. कडं धरलं. ते हलेना, तेलाने घट्ट धरलं होतं. त्याने ओला फडका गुंडाळून दुसऱ्या हाताने जोर लावला. मग ते एकदम सुटलं आणि गर्रकन फिरलं. ते आधी नेमकं कुठे होतं, ते बघायचं राहून गेलं. आता बघून उपयोगही नव्हता.

तो फिरवत राहिला. कडं हातात आलं, वरचं पातं निघालं. आत काळपट तपकिरी राप बसला होता, बोटाने खरवडला तर नखात भरला. त्याने नख नाकाशी नेलं. खवट होतं. धाकटी म्हणाली होती तसंच. ते त्याला कळलं, एवढं त्याच्या लक्षात आलं, आणि तो ब्रश शोधायला उठला.

ब्रश तिने ठेवला होता तिथेच, खालच्या खणात होता. त्याने पाती घासली, आटे घासले, नळकांडं पुसलं. आतबाहेर बघून पुन्हा पुसलं. धाकटीचा फोन आला, त्याने उचलला.

"झालं?"

"साफ झालं."

"रडलात?"

"नाही."

"बरं. जेवा."

तो जेवला, टेबलाच्या रिकाम्या अर्ध्या बाजूला बसून. दुसऱ्या अर्ध्या बाजूला वर्तमानपत्रावर पाती, कडं, स्क्रू आणि ब्रश तसेच आहेत. शनिवारच्या लग्नासाठी बियांची नवी पिशवी आलेली आहे, ती फोडलेली नाही. ग्राइंडर जोडायचा आहे, दळण लावायचं आहे, आणि ते बरोबर आहे का, ते चाखून बघायचं आहे. त्यातलं अजून काही झालेलं नाही.