उरलेला डावा बूट

मित्रांनो, मी एक जुना बूट आहे. जोड नव्हे, एकटा बूट. डाव्या पायाचा, पाच नंबरचा, काळा, लेसचा. तुम्ही म्हणाल, एकट्या बुटाची कसली आलीय कहाणी! पण माझं बहुतेक आयुष्य बंद खोक्यात गेलं, आणि कोंडून पडलेल्याला बोलायची भारी हौस असते. तेव्हा थोडं ऐकून घ्या.

माझा जन्म एका मोठ्या दुकानाच्या स्वतःच्या कारखान्यात झाला. चार मजल्यांचं दुकान होतं ते. तळाला कापड, त्यावर भांडी, त्यावर गाद्या-पलंग आणि सगळ्यात वर आम्ही. सुईपासून पलंगापर्यंत प्रत्येक वस्तूवर दुकानाचं नाव असायचं. माझ्याही तळाला ते ठसठशीत उमटवलेलं आहे. लोक वस्तू उलटी करून नाव बघत आणि डोळे झाकून घेऊन जात. कारागिरानं माझा तळ दुहेरी शिवणीनं शिवला, मला चकाकी दिली आणि माझ्या उजव्या भावाशेजारी खोक्यात निजवलं. आता दोघं मिळून जग बघू, असं आमचं ठरलंही होतं.

आमचा विभाग एक विक्रेते सांभाळायचे. सगळे त्यांना बूटमामा म्हणत. गिऱ्हाइकाच्या पायाशी बसायला त्यांना कधी कमीपणा वाटला नाही. "नंबर तोंडाला विचारू नये, पायाला विचारावा," असं ते म्हणायचे, कारण नंबर सांगताना भले भले लोक थापा मारतात.

एक दिवस एका इस्पितळातली तरुण नर्स आली. लहानपणच्या आजारानं तिचा उजवा पाय खुंटला होता. डावा सात नंबरचा, उजवा पाच नंबरचा. उजव्या बुटात कापूस कोंबून ती दिवसभर वॉर्डात उभी राहायची. मामांनी तो कापूस बाहेर काढला तर त्याला रक्त लागलेलं होतं.

"सिस्टर, हे असं चालायचं नाही. आपण दोन जोड फोडू," मामा म्हणाले.

"अहो, दोन जोड कुठले परवडायला मला!"

"दाम एकाच जोडाचा. गिऱ्हाईक लंगडत बाहेर पडता कामा नये, असा आमच्या मालकांचा हुकूमच आहे."

"आणि मग उरलेले दोन?"

"जगात तुमच्या उलट पायांचं कुणीतरी असेलच की! ते येईपर्यंत थांबतील बिचारे."

पाच नंबरचा उजवा, म्हणजे माझा सख्खा भाऊ, सिस्टरच्या पायात निघून गेला. मी उरलो, आणि दुसऱ्या जोडातला सात नंबरचा उजवा उरला. मामांनी आम्हा दोघांना एका खोक्यात घालून वरच्या फळीवर ठेवलं. आमची जोडी म्हणजे विजोड लग्नच. तो धिप्पाड, मी चिमुकला. भांडायलासुद्धा बरोबरीचं कुणीतरी लागतं हो.

त्या काळोखात मला गुदमरायला व्हायचं. अंगाला अंग घासतंय, वर झाकण, आणि वास येतो तो आपल्याच चामड्याचा. जिन्यात पावलं वाजली की वाटायचं, आला आमचा माणूस! पावलं जवळ येत, खालच्या फळीवरून दुसराच एखादा जोड निघून जाई, आणि मी पुन्हा गप्प पडून राही.

काही वर्षांनी सिस्टर नवे बूट घ्यायला आली. खोक्याच्या फाटक्या कोपऱ्यातून मला तिच्या पायात माझा भाऊ दिसला. त्याची टाच झिजली होती, अंगभर सुरकुत्या होत्या, कडेला चिखल होता. मी तसाच कोरा करकरीत, चेहऱ्यावर एक रेघ नाही. मला त्याचा इतका हेवा वाटला की सांगता सोय नाही. हाक मारावीशी वाटली, पण बुटाची जीभ नावापुरतीच असते.

मामांनी पुन्हा दोन जोड फोडले. उरलेल्या दोघांचं खोकं आमच्या शेजारी आलं. असं दर खेपेला होत गेलं. फळी भरत गेली, पण उलट पायांचं माणूस काही आलं नाही.

पुढे थोरले मालक गेले. मुलांनी कारखाना बंद केला आणि दुकानाचं नाव भलत्याच कंपनीला विकून टाकलं. आता नाव तेच, पण बूट डिंकानं चिकटवलेले. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! महिन्याभरात तळ 'आ' वासून बसायचे. लोक ते बूट आणून मामांसमोर आपटत. एक जुनं गिऱ्हाईक तर म्हणालं, "तुमच्याकडे बघून घेतले होते हो, मामा." मामा त्या दिवशी जेवले नाहीत.

गिऱ्हाईक तुटलं. गाद्यांचा मजला बंद झाला, मग भांड्यांचा. नवे बूट प्लास्टिकच्या दोरीनं जोडून यायला लागले, आणि जोड फोडायचा नाही असा वरून नियमच आला.

शेवटी दुकानच बंद करायचं ठरलं, आणि त्या शेवटच्या दिवशी सिस्टर आली. तिचे केस पांढरे झाले होते.

"मामा, आता मी काय घालू?"

मामांचा चेहरा एकदम उजळला. "थांबा! तुमच्यासाठी खजिना आहे माझ्याकडे!" या वयात ते शिडी चढले आणि एकेक करून सगळी खोकी खाली आणली. आमचं झाकण निघालं. इतक्या वर्षांनी उजेड! सिस्टरनं मला हातात घेतलं, मग माझ्या सोबत्याला घेतलं, आणि ती हळूच म्हणाली, "मामा, हे सगळे माझ्या उलटे आहेत."

मामा मटकन स्टुलावर बसले. घाईघाईत एवढी साधी गोष्ट त्यांच्या ध्यानातच आली नव्हती. सिस्टर आधी हसली, आणि मग तिचे डोळे भरून आले.

"यांच्यासाठी कुणी आलंच नाही? मला वाटायचं, घेऊन जात असेल कुणीतरी."

"नाही आलं कुणी."

मामा उठले. खिशातून कात्री काढून त्यांनी दोन नव्या जोडांच्या दोऱ्या कापल्या. "नियम गेला खड्ड्यात. घाला. फार दिवस टिकणार नाहीत, पण तुम्ही माझ्यासमोर लंगडत जायचं नाही."

जाताना सिस्टर म्हणाली, "ही खोकी मला द्या, मामा. आमच्या इस्पितळात एकच बूट लागणारी माणसं पुष्कळ येतात."

मामांनी लगेच सगळी खोकी तिच्या हवाली केली. उलट पायांच्या माणसाची वाट बघता बघता एका पायाच्या माणसाचा विचार आम्हा कुणाच्याच मनात आला नव्हता!

माझा सोबती डावा पाय गमावलेल्या एका ड्रायव्हरला मिळाला. मी एका बाईंच्या वाट्याला आलो. अपघातात त्यांचा उजवा पाय गेला होता. त्यांनी मला पायात घातलं आणि कुबड्या टेकत वॉर्डाला फेरी मारली. माझ्यात पहिल्यांदा ऊब शिरली. तळाखाली जमीन लागली. मी करकरलो, थोडा चावलोसुद्धा, पण शिवण उसवली नाही. मित्रांनो, त्या एका फेरीत मी जगून घेतलं.

घरी गेल्यावर बाईंनी मला उलटून तळाचं नाव वाचलं. "अगं बाई! हे तर त्या दुकानाचं!" त्या लेकीला म्हणाल्या. "असा बूट आता जन्मात मिळायचा नाही. रोज घालून नासायचा नाही हा." त्यांनी मला फडक्यानं पुसलं, कागदात गुंडाळलं आणि खोक्यात घालून पलंगाखाली सरकवलं. त्या आता रबरी चपलेत घसरत घसरत चालतात. मला ते इथे ऐकू येतं.

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी त्या घरी गेलात, तर बाईंना माझा एवढा निरोप सांगा. मला जपू नका. मला झिजवा.