उचललेला भंडारा

एकदा भंडारा उचलला की बिरोबाने स्वतः येऊन सांगितलं तरी सुग्रीव मागे हटायचा नाही. पाटोद्याच्या डोंगराखालच्या त्या मेंढपाळ वस्तीची रीतच तशी होती. देवळासमोर हळदीचं ताट ठेवायचं, चिमूट उचलून कपाळाला लावायची आणि दिलेला शब्द पाळायचा. सरकारी कागदावर वस्तीचा भरवसा नव्हता, त्या चिमटीवर होता.

म्हणूनच मेंढपाळ संघटनेचा जिल्ह्याचा पुढारी प्रविण मोठ्या गाडीतून आला आणि मेंढ्यांच्या विम्यासाठी बीडला मोर्चा काढायचाय म्हणाला, तेव्हा सुग्रीवने ताट पुढे केलं. सगळे बाप्ये मेंढरांसकट येतील, असा शब्द वस्तीने दिला. आपली संघटना, आपला झेंडा! सुग्रीवची छाती फुगली, आणि का फुगू नये? जन्मभर लोकांनी त्याला 'मेंढरं बाजूला घे बे' एवढंच ऐकवलं होतं.

मग गावात दवंडी फिरली. मोर्चाच्याच दिवशी ग्रामसभा, विषय गायरानाचा. पाटोद्याच्या व्यापारी संघटनेला तिथं गोदामं बांधायची होती. गायरान गेलं तर मेंढरं चारायची कुठं, हे वस्तीतल्या शेंबड्या पोरालाही कळत होतं.

सुग्रीवची बायको रतनबाई म्हणाली, निदान चार बाप्ये तरी मागं ठेवा. सुग्रीव म्हणाला, भंडारा उचललाय. तरी त्याने प्रविणला फोन लावला. प्रविण म्हणाला, ग्रामसभा पुढं ढकलता येते, मोर्चा ढकलता येत नाही. सुग्रीवला ते पटलं. पटवूनच घ्यायचं असलं की माणसाला काहीही पटतं.

मोर्चा मात्र दणक्यात झाला. बीडच्या रस्त्यावर मेंढरंच मेंढरं, पिवळे फेटे आणि ढोल. कलेक्टर साहेबांनी निवेदन घेतलं, फोटो निघाले. परतताना मांजरसुंब्याच्या ढाब्यावर टेम्पो थांबले, तेव्हा लोकांनी सुग्रीवला खांद्यावर उचलून घेतलं.

घरी रतनबाई चुलीपुढं बसली होती. ग्रामसभेला ती एकटीच गेली होती. ठरावाच्या बाजूने दुकानदार नागप्पाने हात वर केला, त्याच्या संघटनेतल्या सगळ्यांनी केला, त्यांच्याकडच्या हमालांनीही केला. विरोधात कोण, असं विचारल्यावर एकट्या रतनबाईचा हात वर गेला. लोकांनी वळून पाहिलं, कुणीतरी हसलं आणि ठराव मंजूर झाला.

दुसऱ्या दिवशी सुग्रीव तावातावाने नागप्पाच्या दुकानात गेला. नागप्पा काही वाईट माणूस नव्हता. त्याने बसायला स्टूल दिलं, आणि सुग्रीवला तेच जास्त लागलं.

"आमी चोरून काय केलं न्हाई, सुग्रीवराव," नागप्पा म्हणाला. "दवंडी दिलती. आमी आमच्या भल्यासाठी आलतो. तुमी कावून न्हाई आलात?"

सुग्रीव न बसताच बाहेर पडला. फोनवर प्रविणने तर हातच झटकले. गायरान हा एका गावचा प्रश्न, संघटना जिल्ह्याचे प्रश्न घेते, म्हणाला. पुढच्या मोर्चाला मेंढरं मात्र जास्त आणा, हे सांगायला तो विसरला नाही.

संध्याकाळी वस्ती देवळासमोर जमली. पाया खणायला येतील त्या दिवशी सगळ्यांनी गायरानात आडवं व्हायचं, असं सांगून सुग्रीवने चिमूट कपाळाला लावली आणि ताट पुढे सरकवलं. शेजारी बसलेल्या बिभीषणने हळदीला न शिवताच ताट पुढं ढकललं. काल खांदा देणाऱ्यांपैकी दोघं मेंढरं विकण्याचं बोलत होते. ताट सगळ्यांपुढून फिरून परत आलं, तेव्हा हळद होती तेवढीच होती.

बाईपुढं ताट धरायची रीत वस्तीत नव्हती. तरी तो उठला आणि ते रतनबाईपुढं धरून उभा राहिला. तिने चिमूट उचलून कपाळाला लावली.

"काल एक हात व्हता, आता दोन झाले," ती म्हणाली. "हसणारे तेवढेच हायेत."