दादाने घातलेली डिस्क

डिस्क वाचायच्या ड्राइव्हवर मी ठळक अक्षरांत कागद चिकटवला होता : ‘यात नवीन सिनेमा घालू नये.’ आमच्या दादाने तो सोलून बाजूला ठेवला आणि नवाकोरा सिनेमा घातला. वर म्हणतो, “मला वाटलं, तुला धुळीची भीती असेल.”

आता या माणसापुढे डोकं फोडून घ्यायचं की काय?

बाबा आयुष्यात एकाच सिनेमात बोलले. चौकीदाराचं काम, फाटकाशी दोन वाक्यं. त्यांचा आवाज दुसरीकडे कुठेच नाही. नजर गेल्यापासून आई एवढंच मागते, “एकदा ऐकव गं.” सिनेमा काढणारी कंपनी बुडाली आणि आमच्याकडची त्याची ब्लू-रे डिस्क विटत चालली. प्लेअरने हात टेकले, नव्या ड्राइव्हनीही टेकले. हा एक जुना ड्राइव्ह तेवढा तिला वाचायचा.

काल माझ्या लिनक्सच्या कॉम्प्युटरवर अख्खी डिस्क उतरवून घेतली, पण कुलूपबंदच. किल्ली बनवायला लागणारी खूण ड्राइव्ह डिस्कवरून वाचून देतो, तीही मान्यता असलेल्या प्रोग्रामलाच. माझ्या प्रोग्रामची मान्यता केव्हाच रद्द झालेली. नवीन सिनेमांच्या डिस्कवर अशा रद्द झालेल्यांची यादी असते, आणि ती एकदा वाचली की ड्राइव्ह जन्मात विसरत नाही. या बिचाऱ्याने नवीन डिस्क कधी पाहिलीच नव्हती. ती खूण मी आज कामावरून आल्यावर घेणार होते.

आले, बाबांची डिस्क घातली, खूण मागितली. उत्तर आलं : मान्यता रद्द. पुन्हा मागितली. तेच.

दादाचा सिनेमा तर लागलाही नव्हता, पण त्यावरची यादी ड्राइव्हने वाचून घेतली होती. “आईला जरा हसवावं म्हटलं,” तो म्हणाला. “एवढं आकांडतांडव कशाला? बाबांची फाइल आहे ना तुझ्याकडे?”

“आहे. अख्खी आहे. जन्मभर कुलपासकट सांभाळ आता.”

मला रागाने रडू फुटलं. आतून आईने विचारलं, “लागलं का गं?”

दादाचा चेहरा उतरला. तो तिच्या दाराशी गेला, घसा खाकरला आणि बाबांसारखा खर्जात त्यांची ती दोन वाक्यं बोलला, “उशीर केलात. आता उद्या या.”

आईने उशीजवळचा तांब्या चाचपून पुढे केला.

“बाळा, घसा बसलाय तुझा. पाणी पी.”