सुमारे तीन हजार

दाराजवळच्या खुर्चीचा मागचा डावा पाय बाकीच्या तीन पायांपेक्षा चार मिलिमीटरने तोकडा होता. ताईंनी तो एकदा पट्टी लावून मोजला होता. त्या त्याखाली पुठ्ठ्याची घडी सरकवून ठेवत. दोन-तीन महिन्यांत ती चेपून जाई आणि खुर्ची पुन्हा डुगडुगू लागे. खोलीत याहून धड खुर्च्या होत्या, पण ताईंना हीच लागे. हिच्यावर बसलं की पुढची सगळी डोकी एका नजरेत मोजता येत.

एकोणीस वर्षं त्या ती दर रविवारी मोजत होत्या. उपासनेचं दुसरं गीत संपलं की पेन्सिलीचं टोक हवेत बारीक बारीक हले आणि वहीच्या उजव्या कडेला आकडा उतरे. त्याआधी बत्तीस वर्षं त्यांनी पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत काचेच्या बशीत उगवलेले जंतूंचे ठिपके मोजले होते. त्या मानाने माणसं सोपी. एका जागी बसतात आणि भराभर दुप्पट होत नाहीत. पाळकांना यातलं दुसरं मनाला फार लागे.

ही ख्रिस्ती मंडळी छोटीच होती. छापखान्याच्या वरची एक लांबट खोली, भिंतीला शाईचा वास, टेबलाशेजारी पाण्याची घागर आणि पंधरा माणसं. आता छापखान्याच्या मालकाने नवा नियम काढला होता: खोली मिळेल ती नोंदणी झालेल्या संस्थेलाच, आणि अर्ज भरल्याचा पुरावा सोमवारी हवा. अर्जाला किमान पंधरा सभासद लागत.

"पंधरा म्हणजे काठावर पास," हेडमास्तर म्हणाले होते. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी ते अजून निकालच लावत.

त्या रविवारी उपासना संपल्यावर एकेकाने अर्जावर सही केली आणि घरचा रस्ता धरला. मागे राहिले पाळक, हेडमास्तर, सुतारकाका, ताई आणि ताईंची नणंद. नणंदेला कुणी थांबायला सांगितलं नव्हतं, पण तिला जा म्हणायची छाती कुणाची नव्हती. चौदा सह्या झाल्या होत्या. पंधरावी ताईंची. त्या काय, घरच्याच. अर्ज भरायचाही त्यांनीच.

अडलं ते चौथ्या रकान्यात. स्थापनेची तारीख.

"लिहा, तेवीस वर्षांपूर्वीचा मार्च," सुतारकाका म्हणाले. "माझ्या वर्कशॉपमध्ये आम्ही तिघांनी पहिली प्रार्थना केली. रंधा बाजूला ठेवला आणि केली."

"ती प्रार्थना झाली. मंडळी नव्हे," हेडमास्तर म्हणाले. "मंडळी कधी सुरू झाली हे शास्त्रात स्पष्ट आहे. प्रेषितांची कृत्ये, अध्याय दुसरा. येशू मरणातून उठला त्यापासून पन्नासाव्या दिवशी पवित्र आत्मा उतरला, पेत्र या शिष्याने उभं राहून जाहीर भाषण केलं, तेव्हा. म्हणजे आपल्या बाबतीत एकवीस वर्षांपूर्वी, ही खोली उघडली त्या दिवशी."

"त्या दिवशी भाषण कोणी केलं होतं हो, सर?" नणंदेने भोळेपणाने विचारलं.

"मी केलं होतं. त्याचा इथे संबंध नाही."

"पेत्राने त्याच्याही आधी कबुली दिली," सुतारकाका म्हणाले, "की तूच ख्रिस्त. तेव्हा प्रभू म्हणाला, या खडकावर मी माझी मंडळी रचीन. मत्तय सोळा. माणसं मोजकी होती, पण कबुली झाली की पाया घातला गेला. इमारत मागून होते."

"रचीन म्हणाला. रचली नाही म्हणाला. तिथे अजून काही झालेलं नाही, काका."

"सुतार करीन म्हणाला की झालंच धरायचं."

"ताईंची खुर्ची दुरुस्त करीन म्हणून अकरा वर्षं झाली," नणंद म्हणाली. "तीही झालीच धरायची का?"

काकांनी खुर्चीकडे पाहिलं नाही. ताईंनी हसू दाबलं.

"आणि दोघंही चुकताय," नणंदेने पदर खोचला. "मंडळी सुरू झाली तळ्याकाठी. येशू माझ्यामागे या म्हणाला आणि कोळ्यांनी जाळी सोडून दिली, तेव्हा! जुने पाळक माझ्या दारात आले ना, तेव्हा मशीनवर झगा होता. एक बाही लावायची राहिली होती. मी मशीन झाकलं आणि निघाले. चोवीस वर्षं झाली."

"त्या झग्याचं काय झालं?" पाळकांनी विचारलं. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

"गिऱ्हाईक अजून बोलत नाही माझ्याशी. सुळावर चढायची तयारी लागते, पाळकसाहेब."

पाळक आठ वर्षांपूर्वी इथे आले. स्वभावाने मऊ, आणि निर्णय म्हटला की टाळणारे. "तिघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे," ते म्हणाले. आठ वर्षांत ते बहुधा हेच म्हणत आले होते.

ताई ऐकत होत्या. प्रत्येक जण शास्त्रातून नेमकी तीच तारीख काढत होता, जिला तो स्वतः हजर होता. प्रयोगशाळेत असे निकाल आले की त्या नमुना परत पाठवत.

पण आज त्यांचं लक्ष चौथ्या रकान्यावर नव्हतं. ते सहाव्यावर होतं. सभासदांची संख्या. मंडळीचा नियम हेडमास्तरांनी लिहिला होता आणि त्याची सुवाच्य प्रत ताईंनीच काढली होती: ज्याचा बाप्तिस्मा झाला आहे तो सभासद. आणि ताईंचा बाप्तिस्मा झालेला नव्हता.

हे कुणालाच ठाऊक नव्हतं. नवरा दुसऱ्या शहरातून बदली होऊन आला, तोवर त्याचा बाप्तिस्मा तिकडेच झालेला. सगळे धरून चालले की बायकोचाही झाला असणार. नणंदेनेही तेच धरलं. अक्षर चांगलं म्हणून पहिल्याच महिन्यात ताईंच्या हाती वही आली, आणि जिच्या हाती वही तिचं नाव वहीत आहे का, हे कोण तपासतं? पहिल्या वर्षी सांगायचा संकोच वाटला. पाचव्या वर्षी उशीर झाला होता. पुढे पुढे तर कुणाचाही बाप्तिस्मा असला की नदीच्या काठावर टॉवेल धरून ताईच उभ्या. प्रभुभोजनाच्या भाकरीचं तबकही त्याच फिरवत. त्यातलं फक्त बाप्तिस्मा झालेल्यांनी घ्यायचं. फिरवणारीने स्वतः घेतलं की नाही, हे आजवर कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

माहीत होतं फक्त नवऱ्याला. "खात्री पटली की घेईन," त्या त्याला म्हणाल्या होत्या. "सावकाश," तो म्हणाला होता, "पाणी कुठे पळून जातंय?" पाणी नव्हतं गेलं. तोच गेला, सहा वर्षांपूर्वी.

खात्री म्हणजे काय, हेही त्यांनी ठरवून ठेवलं होतं. सोसाट्याचा वारा नको, पण निदान झुळूक. अग्नीच्या जिभा नकोत, पण एखादी ठिणगी. त्यांनी एकोणीस वर्षं प्रामाणिकपणे निरीक्षण केलं. नोंद: काही नाही.

"असं करू," पाळक म्हणाले, "ताई वाचतील. त्या तुम्हां तिघांच्या मागून आल्या, कुठल्याच तारखेत त्यांचा स्वार्थ नाही. कृत्ये, दुसरा अध्याय."

ताईंनी चष्मा पुसला आणि वाचायला घेतलं. ते सगळे एकत्र जमले होते. वाऱ्यासारखा नाद. अग्नीसारख्या जिभा, प्रत्येकावर एकेक. खाली गर्दी. काहींनी टवाळी केली, यांना चढली आहे म्हणून. मग पेत्र उभा राहिला. लोकांच्या अंतःकरणाला टोचणी लागली, त्यांनी विचारलं, आम्ही काय करावं? त्याने सांगितलं, पश्चात्ताप करा आणि बाप्तिस्मा घ्या. ज्यांनी वचन स्वीकारलं त्यांनी घेतला, आणि त्या दिवशी सुमारे तीन हजार माणसांची भर पडली.

ताई थांबल्या.

'सुमारे' हा शब्द त्यांना नेहमी खटके. आधीच्या अध्यायातही होता, सुमारे एकशे वीस. इतक्या मोठ्या दिवशी कुणाला नीट मोजता येऊ नये? आज मात्र त्यांना तो मोजणारा दिसला. असेल कुठल्यातरी पायरीवर, गर्दीच्या मागे, बोट हलवत. आणि मोजणाऱ्याची नेहमीची चूक त्यानेही केली असेल. स्वतःला मोजायचं राहिलं, म्हणून 'सुमारे'.

मग त्यांना दुसरी गोष्ट दिसली, आणि कानशिलं गरम झाली. ज्वाला उतरल्या त्या आधीपासून जमलेल्यांवर. या तीन हजारांवर काही उतरल्याची नोंद नाही. ठिणगीसुद्धा नाही. त्यांनी ऐकलं, एक साधा प्रश्न विचारला आणि पाण्यात उतरले, त्याच दिवशी. एकोणीस वर्षं ताई स्वतःची तुलना चुकीच्या गटाशी करत होत्या. हाताखालच्या पोरीने अशी चूक केली असती तर त्यांनी तिला पुन्हा पहिल्या वर्षाची पुस्तकं वाचायला लावली असती.

"ऐकलंत?" हेडमास्तर म्हणाले. "सिद्ध झालं. भाषण, मग भर. लिहा ताई, एकवीस वर्षं. आणि संख्या पंधरा. सही करा की झालं."

ताईंनी पेन उचललं, आणि टोपण लावून खाली ठेवलं.

"संख्या चौदा," त्या म्हणाल्या.

"मोजा पुन्हा."

"मला मोजता येतं, सर. चौदा. माझा बाप्तिस्मा झालेला नाही."

खाली रस्त्यावर कुणीतरी शटर ओढल्याचा आवाज वर आला.

पहिला कंठ नणंदेलाच फुटला. "वहिनी! माझ्या भावाशी चाळीस वर्षं संसार केलास, आणि मला आज सांगतेस?"

"तुम्ही कधी विचारलं नाहीत, वन्सं."

"विचारायचं काय त्यात? तुझं नाक कुठे आहे, हे विचारते का मी?" तिचा आवाज मध्येच फाटला. "दादाला माहीत होतं?"

"होतं."

"मेला घुमा," नणंद म्हणाली आणि डोळे पुसू लागली.

हेडमास्तरांचं गणित मात्र सुरूच होतं. "अहो, मग यात रडायचं काय? आज घ्या बाप्तिस्मा. नदी राहू दे, घागर भरलेली आहे, पाळक हजर आहेत. पाच मिनिटांत पंधरा. प्रश्न मिटला."

"रकाना भरायला मी पाण्यात उतरणार नाही," ताई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण हात मांडीवर घट्ट धरलेले होते.

"तत्त्वं सांभाळा, आणि उद्या उपासना फुटपाथवर करा!"

सगळ्यांनी पाळकांकडे पाहिलं. पाळकांनी अर्जाकडे पाहिलं, मग खिडकीकडे, मग ताईंकडे. तिघांच्या म्हणण्यात तथ्य असायला इथे दोनच बाजू होत्या.

"अर्जासाठी मी कुणालाच पाण्यात उतरवणार नाही," ते म्हणाले, आणि स्वतःच दचकले. "चौदा तर चौदा. मालकांना मी सांगतो. पुढच्या रविवारी काकांच्या वर्कशॉपमध्ये जमू."

"म्हणजे तेवीस वर्षंच बरोबर," सुतारकाका पुटपुटले. हेडमास्तरांनी कपाळाला हात लावला.

काकांनी अर्ज उचलला, उलटसुलट पाहिला. कागद जाड होता, सरकारी. त्यांनी तो दोनदा दुमडला, तिसऱ्यांदा दुमडला, नखाने घडी दाबली आणि गुडघ्यांवर हात देत खाली बसले. "ताई, जरा उठा."

ताई उठल्या. काकांनी चेपलेला पुठ्ठा काढून टाकला आणि अर्ज पायाखाली सरकवला.

"घ्या. अकरा वर्षांचं काम झालं."

"इथून निघताना," नणंद म्हणाली. "मुहूर्त साधावा तर तुम्हीच."

ताई पुन्हा बसल्या. खुर्ची हलली नाही. पुढे चौदा रिकाम्या खुर्च्या होत्या. सवयीने त्यांनी त्या मोजल्या, आणि मग आपली. आता टेबलावर कसलाच कागद नव्हता. त्यांच्या होकाराची कुणाला गरज उरली नव्हती, नकाराने कुणाचं अडत नव्हतं. वाराही नव्हता, खिडकीचा पडदा जागच्या जागी होता. त्यांनी तोही नीट पाहून घेतला.

पाळक दिवे मालवायला निघाले होते.

"पाळकसाहेब," ताई म्हणाल्या.

"बोला, ताई."

"मला बाप्तिस्मा घ्यायचा आहे."