उतरणारा हंस

"काका, हे तुम्हीच शिवलंत ना?"

ग्रंथपालबाईंनी चित्रांचं पुस्तक बांधणीच्या टेबलावर ठेवलं. त्यांच्या मागे एक तरुण आई आणि तिची लहानशी लेक उभी होती.

बांधणीकाकांनी पुस्तक नाकाशी धरलं, आणि चूक त्यांच्या लक्षात आली. त्यात शब्द नव्हते, पानांना आकडे नव्हते. होता एक म्हातारा, त्याचं अंगण आणि पांढरा हंस. पहिल्या पानावर हंस आभाळातून उतरायचा. शेवटच्या पानावर अंगण ओकंबोकं. निखळलेलं पहिलं पान काकांनी अगदी शेवटी शिवलं होतं. त्यांच्या धूसर नजरेला उतरणारा हंस उडून जाणारा वाटला होता.

मोतीबिंदू त्यांनी वर्षभर दडवला होता. ऑपरेशनसाठी सुट्टी मागितली, की ही खोली, ही खळ, ही सुई दुसऱ्याच्या हाती जाईल, ही धास्ती. आता बिंग फुटलं.

"तक्रार नाहीये हो," आई म्हणाली. "रिकामं अंगण आलं की ही रडायची. मग मी आधीच पुस्तक मिटायचे. काल हिनंच पुढचं पान उलटलं."

"हंस परत आला," मुलगी म्हणाली. "आजोबांनी दार उघडं ठेवलं होतं ना."

"दार कुठंय चित्रात?" आईनं विचारलं.

"घराच्या मागे. तुला नाही दिसणार."

ग्रंथपालबाई हसल्या. "काका, मुद्दाम केलंत की काय?"

हो म्हणणं किती सोपं होतं. काकांनी मान हलवली. "नाही बाई. डोळ्यांनी दगा दिला. मोतीबिंदू आहे."

"वाटलंच. परवा माझ्या रिकाम्या खुर्चीला नमस्कार घातलात. ऑपरेशन उरकून या. तुमच्या टेबलाला मी कुणाला हात लावू देणार नाही."

"आणि हे पान?"

"ते उसवलंत तर हिच्याशी गाठ आहे."

पुस्तकं दाबायच्या शिकंज्याचा स्क्रू उलटा फिरावा तसा काकांच्या छातीवरचा दाब सैल झाला.

मुलीनं पुस्तक त्यांच्या मांडीवर पसरलं. "तुम्हाला दिसत नाही ना? मग मी सांगते."

काकांनी डोळे मिटले. तिच्या आवाजात म्हातारा शिंकला, हंसाशी भांडला, त्याच्यावाचून उपाशी झोपला. काकांची बोटं शिवणीवरून फिरत राहिली. टाके सरळ होते.

"आता तो उतरतोय," ती हळूच म्हणाली.

काकांनी हंसाला जागा करून द्यावी तसे पाय जवळ घेतले.